डीईएफ भरलं तरी दिवा जाऊन नाही राहिला, वरून गाडी पिकअपही घेत नाही

कापसी_सहाचाकी यांचा प्रश्न

गाडी २०२२ची बीएस-६, सहाचाकी. फेऱ्या बहुतेक नागपूरच्या आसपास, कापसी–कळमना–बुटीबोरी, लांबची भाडी कमी.

डीईएफचा (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रवाचा) पिवळा दिवा लागला तेव्हा काटा खरंच खाली होता. रस्त्यावरच्या दुकानातून २० लिटरचा सीलबंद कॅन घेऊन ओतला. काटा वर आला, दिवा तसाच. नंतर चेक लाइटही लागला आणि आता लोड घेऊन पुलावर चढताना गाडी दम टाकून राहिली. स्कॅनरवर दोन कोड आहेत: पी-२०७एफ आणि पी-२०ईई.

तिघांचे तीन सल्ले आहेत. ड्रायव्हर म्हणतो बॅटरीची वायर काढून लावा. गॅरेजवाला म्हणतो नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) बदला. तिसरा म्हणतो गाडीच्या कॉम्प्युटरला चकवणारी डब्बी बसवून डीईएफच बंद करून टाका. विचारायचं एवढंच: कोणत्या क्रमाने तपासायचं, तोवर गाडी चालवली तर चालेल का, आणि मे महिन्यात गोदामात कॅनचा साठा ठेवावा की नाही?

---

हिंगणा_स्कॅनर यांचं उत्तर

भाऊ, सेन्सरच्या पैशाला अजून हात लावू नका.

दिवा एक असला तरी त्याच्या मागे तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात. टाकीत डीईएफ कमी आहे, ही पहिली. टाकीत आहे ते डीईएफ बरोबर नाही, ही दुसरी. डीईएफ बरोबर असूनही धूर साफ होत नाही, ही तिसरी. भरल्याने फक्त पहिली मिटते. तुमची पहिली मिटली, म्हणूनच काटा वर आला. पी-२०७एफ म्हणजे दुसरी तक्रार, द्रवाची गुणवत्ता. पी-२०ईई म्हणजे तिसरी, कॅटॅलिस्टची (सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या भागाची) नॉक्स कमी करण्याची क्षमता मर्यादेखाली. पातळी कमी असल्याचा कोड पी-२०३एफ, तो तुमच्याकडे नाहीच. ट्रकच्या स्कॅनरवर हेच एसपीएन (ट्रकच्या दोष-कोडच्या) क्रमांकाने दिसतं: १७६१ पातळी, ३३६४ गुणवत्ता, ४३६४ कार्यक्षमता, ४३३४ डीईएफचा दाब.

दोन्ही कोड सोबत आले तर आधी गुणवत्ता पाहायची. पाणचट डीईएफने कार्यक्षमतेचा कोड ओघानेच येतो, उलटं होत नाही. आणि कॅन ओतल्यावर हे सुरू झालं, म्हणजे पहिला संशय कॅनवरच.

तपासणी अशी करा. डीईएफचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून द्रवाचं प्रमाण दाखवणारी दुर्बिणीसारखी नळी) घ्या, ज्याच्या पट्टीवर थेट युरियाचे टक्के असतात. बॅटरी-कूलंटवाला चालणार नाही, त्याची पट्टी वेगळी. आधी डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवा, काच पुसा, मग डीईएफचे दोन-तीन थेंब. आकडा ३२.५ च्या आसपास हवा, आयएसओ २२२४१ या डीईएफच्या मानकाप्रमाणे ३१.८ ते ३३.२ चालतो. नमुने दोन घ्या, एक कॅनच्या तळाशी उरलेल्यातला, एक टाकीतला. टाकीतला स्वच्छ प्लॅस्टिक नळीने काढा. पितळी किंवा जस्ताचा मुलामा असलेलं काही आत घालू नका, डीईएफ त्या धातूंना खातं आणि विरघळलेला धातू पुढे कॅटॅलिस्टवर जाऊन बसतो.

टाकीतला नमुना काचेच्या बाटलीत दहा मिनिटं स्थिर ठेवा. वर तेलकट थर दिसला तर प्रकरण वेगळं: टाकीत डिझेल गेलंय. मग इंजिन सुरूच करायचं नाही. डीईएफच्या लाइनमधले रबरी सील डिझेलने फुगतात, आणि पंप मॉड्यूल, फिल्टर, डोझिंग इंजेक्टर (धुरात डीईएफ फवारणारा) सगळंच बदलायची पाळी येते. डीईएफचं पंपावरचं नोझल १९ मिलिमीटरचं असतं आणि डिझेलचं त्याहून जाड, त्यामुळे पंपावर अशी चूक सहसा होत नाही. ती कॅन आणि नरसाळ्याने होते.

भरल्याबरोबर लगेच आलेला गुणवत्तेचा कोड कधीकधी नुसत्या बुडबुड्यांचाही असतो. टाकीतला सेन्सर ध्वनिलहरींच्या वेगावरून युरियाचं प्रमाण ठरवतो, हवेचे बुडबुडे त्याला फसवतात. पण तसं असतं तर गाडी थोडी चालल्यावर कोड गेला असता. तुमच्याकडे दुसरा कोडही आलाय, म्हणून ती शक्यता मी सोडून दिली.

चालवण्याबद्दल. गाडीचा दम गेला तो इंजिनमुळे नाही, ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) टॉर्क म्हणजे ओढ कापलीय. अवजड गाड्यांच्या नियमात पहिली पायरी म्हणजे साधारण एक चतुर्थांश टॉर्क कमी. तरीही दुरुस्त केलं नाही तर दुसरी पायरी येते आणि गाडी ताशी २० किलोमीटरवर रांगते. गुणवत्तेच्या दोषात पहिली पायरी साधारण १० इंजिन-तासांत, दुसरी २० तासांत. नियमाचा हा ढाचा, कंपनीनुसार थोडं मागेपुढे. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. लोकल रिकामी फेरी करून गॅरेजपर्यंत या, पण लोड घेऊन समृद्धी महामार्गावर चढू नका. तिथे वेगाने मागून येणाऱ्या गाड्यांसमोर २० ने रांगणारा ट्रक म्हणजे अपघाताला आमंत्रण.

---

वाडी_फिटर यांचं उत्तर

बॅटरीची वायर काढायचा सल्ला देणाऱ्याला हे वाचायला द्या.

एक तर दोषाचा हिशोब ईसीयूच्या कायम मेमरीत असतो, वायर काढली म्हणून पुसला जात नाही. दुसरं, त्याने नवा दोष तयार होतो. चावी बंद केली की यंत्रणा लगेच झोपत नाही. पंप उलटा फिरून लाइनमधलं आणि इंजेक्टरमधलं डीईएफ टाकीत परत ओढतो. बऱ्याच गाड्यांत याला मिनिट-दोन मिनिटं लागतात, घूं घूं आवाज येत असतो. आपल्याकडे ड्रायव्हरांना सवय असते, गाडी उभी केली की लगेच मेन कटऑफ (बॅटरीचं मुख्य बटण) मारायचा. तसं केलं की द्रव लाइनमध्येच राहतो, सायलेन्सरच्या उष्णतेने त्यातलं पाणी उडतं आणि मागे पांढरे खडे उरतात. काही महिन्यांनी डोझिंग इंजेक्टर जाम. आवाज बंद झाल्यावरच कटऑफ, एवढं ड्रायव्हरच्या डोक्यात बसलं तरी गॅरेजच्या निम्म्या चकरा वाचतील.

डब्बीचं म्हणाल तर ती ईसीयूला खोटे आकडे देते, आणि नॉक्स जसाच्या तसा बाहेर पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, वॉरंटीही हातची जाते. शिवाय डीईएफ बंद पडलेल्या इंजेक्टरला गरम धुरात थंडावा मिळत नाही. टोक भाजतं, आणि पुढे यंत्रणा परत चालू करायची ठरवली तर खर्च दुप्पट.

---

बुटीबोरी_लॅब यांचं उत्तर

कॅनच्या दर्जाबद्दल थोडं सविस्तर, कारण नागपुरात खरा घोळ इथेच होतो.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि ६७.५ टक्के खनिजमुक्त पाणी, दुसरं काही नाही. जर्मन वाहन उद्योग संघटनेचं त्याचं नाव एडब्लू. गरम धुरात युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया कॅटॅलिस्टवर नॉक्सला धरून नायट्रोजन आणि वाफ करतो. बनवायला सोपं दिसतं म्हणूनच ज्याला त्याला मोह होतो. अनुदानित शेतीच्या युरियाचं ४५ किलोचं पोतं फोडून पाण्यात विरघळवलं तर सव्वाशे लिटरच्या वर द्रव होतो, किंमत लिटरला दोन-अडीच रुपये. पण तो युरिया २०१५ पासून देशात पूर्णपणे कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकला जातो. तो लेप फिल्टरवर चिकटतो. असा युरिया शेतीबाहेर वळवणं खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हाही आहे. यंत्रणेला हवा तो टेक्निकल ग्रेड युरिया, लेप नसलेला, आणि तयार द्रवात बाययुरेट (युरिया बनताना येणारा नकोसा घटक) ०.३ टक्क्यांच्या आत हवं.

पाण्याचं त्याहून वाईट. मानकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी किलोमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आत हवं. बोअरच्या पाण्यात ते लिटरमागे कित्येक दहा मिलिग्रॅम सहज असतं, घरच्या आरओचं पाणीही या कसोटीला उतरत नाही. हे क्षार धुरात जळत नाहीत. कॅटॅलिस्टच्या छिद्रांवर थर धरतात आणि तो थर कुठल्याही धुण्याने जात नाही.

म्हणून वरच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या सल्ल्याला एक जोड. रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रमाण दाखवतो. नळाच्या पाण्यात शेतीचा युरिया बरोबर ३२.५ टक्के घातला तरी आकडा ३२.५ च येईल. आकडा चुकला तर माल नक्की वाईट, आकडा बरोबर आला तर माल चांगला असेलच असं नाही. शंका असेल तर पांढऱ्या पेल्यात ओतून पाहा. पिवळसर झाक, कडुनिंबाचा उग्र वास, तळाशी गाळ किंवा हलवल्यावर टिकणारा फेस, यातलं एकही चालत नाही. चांगलं डीईएफ पाण्यासारखं नितळ, फारतर अमोनियाचा हलका वास. कॅनवर आयएसओ २२२४१, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख छापलेली हवी. वरून चिकटवलेलं लेबल आणि गरम करून परत बसवलेलं सील, दोन्ही आता बाजारात आहेत. त्यामुळे नुसतं सील बघून विश्वास नको.

आता साठ्याचं. मानकातला हिशोब असा: सतत १० अंशांत ३६ महिने, २५ अंशांत १८, ३० अंशांत १२, ३५ अंशांत ६ महिने. त्याच्या वर मुदत झपाट्याने घसरते, दर बॅच तपासूनच वापरावी लागते. नागपूरचा मे ४५ च्या घरात, आणि पत्र्याच्या गोदामात दुपारी त्याहून जास्त. तेव्हा मार्च ते जून जेवढं पंधरा-वीस दिवसांत लागेल तेवढंच घ्या. भिंतीच्या सावलीला, जमिनीलगत, लाकडी फळीवर ठेवा. टपावर किंवा केबिनच्या मागे उन्हात बांधलेला कॅन नको. त्यात अमोनिया सुटतो, कॅन फुगतो आणि झाकण उघडल्यावर नाकाला झोंबतं. उघडलेला कॅन धूळ जाऊ न देता महिन्याभरात संपवा.

गोठण्याची मात्र इथे काळजी नको. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं आणि आपल्याकडचा डिसेंबर तिथपर्यंत कधीच जात नाही. पण टाकीतल्या हीटरची वायर तुटली तर नागपुरातही कोड येतो, आणि मग लोक उगाच चक्रावतात.

---

मनीषनगर_डिझेल यांचा उपप्रश्न

मध्येच विचारतोय. कारमध्ये टॉर्क कापत नाही, पण पडद्यावर ‘अमुक किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही’ असा उलटा आकडा चालू होतो. भरलं तरी आकडा जात नाही. याचा नियम ट्रकसारखाच का?

---

हिंगणा_स्कॅनर यांचं उत्तर

नाही, कारचा धाक वेगळा असतो. आकडा शून्यावर गेला तरी चालती गाडी रस्त्यात बंद पडणार नाही. पण एकदा चावी बंद केली की परत सुरू होणार नाही.

भरूनही आकडा न जाण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे थोडंसं भरणं. लिटर-दोन लिटर ओतलेलं बऱ्याच गाड्यांचा सेन्सर मोजतच नाही. किमान किती, ते मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक ठिकाणी पाच लिटरच्या आसपास. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवून भरा, मग इंजिन न लावता नुसती चावी ऑन करून अर्धा-एक मिनिट थांबा. त्यानंतर सुरू करून थोडं चालवा. गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात द्रव फुगला की टाकीच्या श्वासनळीतून (हवा आत-बाहेर करणाऱ्या नळीतून) बाहेर येतो. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आणि तुमच्या पडद्यावर ठिपक्यांनी भरलेल्या डब्याचं चिन्ह असेल तर ते डीईएफचं नाही, डीपीएफचं म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीचं आहे. त्यात काजळी साठली असते आणि ती भरून नाही, गाडी पळवून जाते.

---

कापसी_सहाचाकी

रिफ्रॅक्टोमीटर मिळाला. शून्य जुळवून पाहिलं. कॅनमधलं उरलेलं २६, टाकीतलं २८. बाटलीत तेलाचा थर नाही. लाइव्ह डेटा पण घेतला: कॅटॅलिस्टच्या आधीचा नॉक्स ६२० पीपीएम, नंतरचा २१०, तेव्हा धुराचं तापमान २९० अंश. हे सगळं पाण्यामुळेच का?

---

हिंगणा_स्कॅनर

कॅन पाणचट आहे हे पक्कं झालं. टाकीत जुनं चांगलं डीईएफ थोडं होतं म्हणून तिथे २८ दिसतंय.

पण आकड्यांत अजून काही आहे. ६२० चे २१० म्हणजे जेमतेम ६६ टक्के नॉक्स जातोय. २९० अंशांवर निरोगी कॅटॅलिस्टने ९० च्या वर काढायला हवा. २८ टक्क्यांचं द्रव म्हणजे युरिया सुमारे १४ टक्के कमी. एवढ्याने कार्यक्षमता थोडी पडते, ६६ पर्यंत येत नाही. म्हणजे पाण्याखेरीज दुसरं कारणही आहे, आणि तुमच्या फेऱ्या पाहता मला खड्यांचा संशय जास्त येतो. धूर २०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय डोझिंग नीट होत नाही. कळमन्याच्या रांगेत तासभर आयडलवर उभी, मग पाच किलोमीटर, मग परत रांग, अशा चालीत मिक्सरच्या पाइपात (जिथे डीईएफ धुरात मिसळतं) युरियाचे खडे साचतात.

आधी टाकी. तळाचा ड्रेन प्लग काढून सगळं प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये घ्या, नाल्यात सोडू नका. टाकी नळाच्या पाण्याने धुवायची नाही. दोन-तीन लिटर चांगलं डीईएफ घालून हलवा, काढून टाका, तेच धुणं. डीईएफ फिल्टर याच वेळी बदला. टाकीची श्वासनळी फुंकून पाहा. कोराडी-खापरखेड्याकडे राखेच्या धुळीत फिरणाऱ्या गाड्यांत ती बुजते, मग टाकीत निर्वात होऊन पंपाला दाब मिळत नाही. तुम्हाला दाबाचा कोड नाही, तरी झाकण उघडलंच आहे तर बघून घ्या. मग नवं डीईएफ, ओतण्याआधी त्यातलाही थेंब तपासून.

त्यानंतर डोझिंग इंजेक्टर पाइपावरून उतरवा. तोंडाशी पांढरा थर असेल तर कोमट पाण्यात भिजत ठेवा, युरिया पाण्यात विरघळतो. तारेने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की छिद्राचा आकार बिघडतो आणि फवाऱ्याऐवजी धार पडते. खडे विरघळत नसतील, पिवळट आणि चिवट असतील, तर ते तापून बदललेले असतात. पाण्याने जात नाहीत, त्यासाठी तो भाग काढूनच साफ करावा लागतो. इंजेक्टर मोकळा झाल्यावर स्कॅनरने डोझिंग टेस्ट लावा, मापपात्रात किती मिली पडलं ते मॅन्युअलशी जुळवा. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. दाब बऱ्याच बॉश यंत्रणांत ९ बारच्या आसपास असतो, पण आकडा तुमच्याच मॅन्युअलचा धरा. जोडताना गॅस्केट नवं.

---

वाडी_फिटर

इंजेक्टरबरोबर सेन्सरचाही तपास करून टाका, गॅरेजवाल्याचं समाधान होईल. उतारावर गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं. तेव्हा दोन्ही नॉक्स सेन्सर शून्याजवळ यायला हवेत. त्यातला एखादा शंभरावर अडकून बसला तर तो खोटं बोलतोय. दोन्ही खाली आले तर सेन्सर ठीक. आधीच्या सेन्सरपाशी सायलेन्सरचा जोड गळत असेल तरी आकडा चुकतो, तिथे काजळीचा काळा पट्टा दिसतो.

मागच्या सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यात फरक कळत नाही. डीईएफ जास्त पडून अमोनिया निसटला तरी तो नॉक्स म्हणूनच दाखवतो, आणि लोक आणखी डीईएफ कमी पडतंय असं समजतात. ओळखायला सोपं आहे: खप बघा. शंभर लिटर डिझेलमागे डीईएफ तीन ते सहा लिटर जातं. त्याच्या बरंच वर गेलं तर गळती किंवा जादा डोझिंग, एकाच्या खाली गेलं तर डोझिंग होतच नाहीये. डिझेलच्या वहीत डीईएफचा रकाना टाकला तर दिव्याच्या आधी हे कळतं.

सेन्सर बदलायचाच झाला तर वायर आणि मॉड्यूलसकट एकच नग येतो, वायर कापून जोडू नका. वॉशिंगला प्रेशरचं पाणी तिकडे मारू देऊ नका. आतली सिरॅमिक पट्टी प्रचंड तापते, गरम असताना पाण्याचा थेंब पडला की तडकते.

---

हिंगणा_स्कॅनर

हो, ती चाचणी करा. मी फक्त क्रम सांगतो: टाकी, इंजेक्टर, मग सेन्सर. वाईट डीईएफवर मोजलेल्या सेन्सरच्या आकड्यांना अर्थ नसतो.

सगळं झाल्यावर कोड पुसून शिवमडकाकडे किंवा भंडारा रोडला लोडसह अर्धा-पाऊण तास एकसारखी चालवा, धूर ३०० च्या वर राहील असं. मधे लाइव्ह डेटा पाहा. मागचा नॉक्स पुढच्याच्या दहाव्या भागापर्यंत आला तर काम झालं, टॉर्क आपोआप परत मिळेल. काही गाड्यांत डीलरच्या टूलनेच गुणवत्तेचा दोष रिसेट होतो, त्यासाठी तिथे जावं लागेल.

दिवा गेला म्हणून लगेच लांबचं भाडं घेऊ नका. तोच दोष दुरुस्तीनंतर थोड्याच इंजिन-तासांत परत आला तर काउंटर शून्यापासून सुरू होत नाही, जिथे थांबला होता तिथल्या आसपासपासूनच पुढे धावतो, आणि २० किलोमीटरची पायरी लवकर येते. सुरुवातीचे काही दिवस लोकलच ठेवा. ते २० लिटर विकणाऱ्या दुकानदाराला आकडा दाखवून उरलेला कॅन बॅच नंबरसकट परत करा, फेकू नका. पैसे मागायला तोच पुरावा आहे.

---

कापसी_सहाचाकी

इंजेक्टर उद्या उतरवतो. फिल्टर आणि गॅस्केट दोन्ही आजच मागवून ठेवले. गॅस्केट मूळ कंपनीचंच घ्यायचं का, बाहेरचं चालेल?

---

वाडी_फिटर

मूळच घ्या. बाहेरचं जाडीत फरकाचं निघतं, इंजेक्टर पाइपात मिलिमीटरभर खोल किंवा वर बसतो आणि फवारा पाइपाच्या भिंतीवर आदळतो. महिन्याभरात तिथेच परत खडा. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्याला.